चालता धंदा विकायचा कसा

भोसरी, अंबड, शिरोली, वाळूज. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फिरलं तर हॉटेलांसाठी भट्ट्या, डोसा तवे, कणीक मळायची यंत्रं, बेन-मारी आणि स्टीलची टेबलं बनवणारी एखादी तरी शेड सापडतेच. एका बाजूने स्टेनलेस स्टीलचा पत्रा आत येतो, शिअरिंगवर कापला जातो, प्रेस ब्रेकवर वाकतो, आर्गन वेल्डिंगने जोडला जातो आणि बफिंग होऊन चकाकत टेम्पोत चढतो. पंचवीस-तीस वर्षं असा धंदा चालवलेल्या मालकाची साठी उलटते. मुलगी परदेशात, मुलगा बंगळुरूला नोकरीत, दोघांनाही पत्र्याच्या धुळीत रस नाही. मग विकायचा विषय निघतो आणि मालक पहिला फोन लावतो तो जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्याला.

व्यापारी येतो, प्रेस ब्रेकभोवती एक चक्कर मारतो, बेड किती फुटांचा, किती टनाचा, हायड्रॉलिक की मेकॅनिकल विचारतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा ऐकून मालकाची झोप उडते, कारण आयुष्याची कमाई एवढीच का, असं वाटतं. तो आकडा चुकीचा नसतो. फक्त तो वेगळ्याच वस्तूचा असतो. व्यापाऱ्याने लोखंडाची किंमत सांगितली, मालकाला विकायचा आहे धंदा. या दोन वस्तू कायद्याच्या लेखी, कराच्या हिशेबात आणि बँकेच्या नजरेत पूर्णपणे निराळ्या आहेत. सौद्यात किती पैसे हातात पडतील हे बऱ्याच अंशी यावर ठरतं, की विकणाऱ्याला हा फरक किती लवकर कळला.

एकाच यंत्राच्या चार किमती एकाच वेळी खऱ्या असतात. घेतलं तेव्हा मोजलेली, प्राप्तिकराच्या वहीत दर वर्षी साधारणपणे १५ टक्के घसारा वजा होत उरलेली, आज बाजारात मिळेल ती आणि भंगारात किलोवर मिळेल ती. बारा वर्षांपूर्वीचं नीट राखलेलं शिअरिंग मशीन वहीत फार थोड्या किमतीवर आलेलं असतं, पण बाजारात त्याला चांगला भाव येतो. उलट तीन वर्षांपूर्वी हौसेने आणलेली एखादी सीएनसी वहीत तगडी दिसते, पण तिचा कंट्रोलर आता कोणी दुरुस्त करत नसेल तर तिला गिऱ्हाईकच नसतं. धंदा घेणाऱ्याला मात्र या चारही आकड्यांत दुय्यम रस असतो. त्याचा प्रश्न साधा असतो: हे सगळं मी घेतलं, तर दर वर्षी माझ्या हाती काय उरेल?

त्याचं उत्तर ताळेबंदात थेट सापडत नाही. छोट्या धंद्याचा ताळेबंद मालकाच्या सोयीने लिहिलेला असतो. जागा स्वतःची म्हणून भाडं लावलेलं नसतं. मालक सकाळी आठ ते रात्री नऊ राबतो, पण त्याचा पगार खर्चात नाही. उलट घरची गाडी, मुलाचा फोन, वहिनींच्या नावाने दिलेला पगार हे सगळं खर्चात आहे. म्हणून आधी हिशेब नव्याने मांडावा लागतो. बाहेरचा मॅनेजर ठेवला तर जो पगार द्यावा लागेल तो खर्चात धरायचा, जागेचं बाजारभावाने भाडं धरायचं, घरखर्चाच्या नोंदी काढून टाकायच्या आणि मग गेल्या तीन-चार वर्षांचा नफा पाहायचा. पुष्कळदा हा नवा नफा जुन्यापेक्षा कमी निघतो आणि मालकाला धक्का बसतो. आपण इतकी वर्षं नफा समजत होतो त्यातला मोठा भाग आपलीच न घेतलेली मजुरी होती, हे त्याला कागदावर प्रथमच दिसतं.

याच टेबलावर दुसरी एक अडचण उभी राहते, तिच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. बिलाशिवाय विकलेला माल. ‘कागदावर दिसतो त्याच्या दीडपट धंदा आहे’, असं मालक हळू आवाजात सांगतो. खरंही असेल. पण घेणाऱ्याची बँक कर्ज देते ती जीएसटी विवरणपत्रं आणि प्राप्तिकराची कागदपत्रं पाहून. हळू आवाजातल्या उलाढालीवर कोणी कर्ज देत नाही. शिवाय चोख घेणारा असेल तर तो उलट विचार करतो, की इतकं लपवलं असेल तर पुढे नोटीस कोणाच्या दारात येणार? दर वर्षी थोडा कर वाचला, पण विकताना त्या उलाढालीची किंमत शून्य धरली गेली आणि वर संशयही आला. विकायचा विचार असेल तर निदान तीन वर्षं आधीपासून सगळं बिलात आणावं, हा सल्ला कोणीही सी. ए. देतो आणि फारच थोडे मालक ऐकतात.

हॉटेल उपकरणांच्या धंद्यात आणखी एक खोल खड्डा असतो: वार्षिक देखभालीचे करार, म्हणजे एएमसी. डीप फ्रीझर, एक्झॉस्ट, डिशवॉशर यांच्या देखभालीचे वर्षभराचे पैसे एप्रिलमध्ये आगाऊ घेतलेले असतात आणि ते केव्हाच पत्र्याच्या बिलात गेलेले असतात. ऑक्टोबरात धंदा विकला, तर उरलेले सहा महिने मेकॅनिक पाठवायचा नव्या मालकाने, पैसे मात्र खाल्ले जुन्याने. विकणाऱ्याला एएमसी म्हणजे हमखास उत्पन्न वाटतं, घेणाऱ्याला ती निम्मी देणी वाटतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. गेल्या वर्षी विकलेल्या मालाच्या वॉरंटीचंही तेच. मोठ्या कॅन्टीनच्या कामात अडकलेली अनामत आणि बँक गॅरंटी कोणाच्या नावावर राहणार, हाही प्रश्न असतोच. उधारीची यादी तर तारखेनिशी मागितली जाते. नव्वद दिवसांपर्यंतची येणी पूर्ण धरली जातात, वर्ष उलटलेली निम्मी, आणि जे हॉटेल बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलं त्याची येणी मालकाने स्वतःच खोडून टाकलेली बरी. माळ्यावर पडलेले जुन्या मॉडेलचे बर्नर आणि थर्मोस्टॅट हा साठा वहीत लाखांत असतो, पण खरेदीदार त्याच्याकडे वर मान करून एकदा बघतो आणि विषय बदलतो.

आता कर, कारण खरा पैसा इथे हलतो. मालकी धंदा विकण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक, वस्तू-वस्तूची किंमत लावून विकणे. दुसरा, देण्या-घेण्यांसकट अख्खा धंदा एका ठोक रकमेला देणे. याला करकायद्यात ‘स्लंप सेल’ म्हणतात. स्लंप सेलमध्ये कुठल्याही यंत्राला वेगळी किंमत लावायची नसते. मुद्रांक शुल्कापुरती लावली तर चालते. या प्रकारासाठी १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात १९९९ साली कलम ५०बी आलं. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५च्या नव्या कायद्याने घेतली, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले, पण हिशेबाची रीत ओळखीचीच आहे.

एक मनाने रचलेलं उदाहरण घेऊ. यंत्रं वहीत ४० लाखांची, बाजारात ७० लाखांची. माल ५० लाखांचा, येणी ६० लाखांची, बँकेची कॅश क्रेडिट आणि पत्र्याच्या व्यापाऱ्यांची देणी मिळून ७० लाख. सौदा ठरला २ कोटींना, देण्या-घेण्यांसकट. स्लंप सेलमध्ये धंद्याचं निव्वळ मूल्य असं निघतं: ४० अधिक ५० अधिक ६० वजा ७०, म्हणजे ८० लाख. त्यात स्वतः कमावलेल्या गुडविलची किंमत शून्य धरतात आणि महागाईची सूट मिळत नाही. नफा १ कोटी २० लाख. धंदा ३६ महिन्यांहून जुना असेल तर हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर दर १२.५ टक्के. कर झाला १५ लाख. अधिभार आणि उपकर वेगळे.

तोच सौदा वस्तूनिहाय केला तर काय होतं? यंत्रांचे ७० लाख, मालाचे ५०, येणी ६०, त्यातून देणी ७० वजा जाता ११० लाख. २ कोटींची बेरीज जमवायला उरलेले ९० लाख गुडविलचे. यंत्रांवर झालेला ३० लाखांचा फायदा, ती कितीही जुनी असली तरी, घसारा घेतलेली असल्यामुळे अल्प मुदतीचा धरला जातो. मालक वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्यावर ९ लाख. गुडविलच्या ९० लाखांवर १२.५ टक्क्यांनी सव्वाअकरा लाख. एकूण २० लाख २५ हजार. गिऱ्हाईक तेच, यंत्रं तीच, किंमतही तीच. करारनामा कसा लिहिला एवढ्यावर सव्वापाच लाखांचा फरक पडला.

हा हिशेब दर वेळी याच बाजूला झुकेल असं मात्र नाही. यंत्रं वहीतल्या किमतीपेक्षा कमीत जात असतील, किंवा धंदा तीन वर्षांचाही झालेला नसेल, तर चित्र पालटतं. आणि घेणाऱ्याला ठोक खरेदीत किमतीची वाटणी कशी दाखवायची, घसारा कशावर किती मिळणार, याचा आपला वेगळा विचार असतो. म्हणून सौद्याच्या टेबलावर दोन सी. ए. हवेत, दोघांचा मिळून एक ठेवून फी वाचवणारे पुढे ती व्याजासकट फेडतात. किंमत मुद्दाम कमी दाखवायची युक्तीही आता चालत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर स्लंप सेलचं रास्त मूल्य नियमाने काढलं जातं आणि कराराची रक्कम त्याहून कमी असेल तर कर त्या वरच्या आकड्यावर बसतो. त्यात जमिनीला मुद्रांक शुल्काचं मूल्य धरतात, त्यामुळे स्वतःच्या जागेवरच्या कारखान्यांना हा नियम जास्त झोंबतो.

जीएसटीचा फरक त्याहून ठळक आहे. चालता धंदा अख्खा हस्तांतरित करणं ही २०१७च्या अधिसूचनेने करमाफ सेवा आहे. यंत्रं आणि माल सुटा विकला तर वरच्या उदाहरणातल्या १ कोटी २० लाखांवर, दर १८ टक्के धरला तर, २१ लाख ६० हजारांचा जीएसटी लागतो. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याला तो क्रेडिट म्हणून पुढे वळता करून घेता येतो, पण आज खिशातून काढावा लागतो, आणि नेमकी हीच रक्कम कमी पडल्यामुळे सौदे अडतात. चालता धंदा देताना विकणाऱ्याच्या खात्यात शिल्लक राहिलेलं इनपुट क्रेडिटही सी. ए.च्या दाखल्यासह आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या मालकाकडे जातं. ‘चालता’ हा शब्द मात्र शब्दशः घेतला जातो. कामगार सोडून गेलेले, वीज तोडलेली, ऑर्डरबुक बंद, अशी शेड विकून तिला चालता धंदा म्हटलं तर ते टिकणार नाही.

धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत असेल तर तिसरा मार्ग उघडतो: शेअर विकायचे. कागद थोडे, हस्तांतराचं मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, परवाने कंपनीच्याच नावावर राहतात. विकणाऱ्याला हा मार्ग आवडतो. घेणाऱ्याला कमी आवडतो, कारण कंपनीबरोबर तिची सगळी जुनी पापंही येतात.

पापं स्लंप सेलमध्येही पुरती सुटत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जीएसटी कायद्याचं कलम ८५ सांगतं की हस्तांतराच्या तारखेपर्यंतच्या थकीत कराला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. तिथे घेणाऱ्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती मर्यादित होती. प्राप्तिकराची कारवाई चालू असताना केलेलं हस्तांतर खात्याच्या दाव्यापुरतं निरर्थक ठरू शकतं, म्हणून आधी अधिकाऱ्याची परवानगी घेण्याची पद्धत आहे. याच कारणांनी शहाणा खरेदीदार किमतीतला काही भाग वर्ष-दीड वर्ष स्वतःकडे राखून ठेवतो. विकणाऱ्याला तो अविश्वास वाटतो. वाटू नये.

कामगारांचा विषय बहुतेक सौद्यांत शेवटच्या आठवड्यात निघतो, खरं तर तो पहिल्या बैठकीत निघायला हवा. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५एफएफ आणि तेच तत्त्व पुढे नेणारी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता यांचा आशय असा: उपक्रम दुसऱ्याच्या हाती गेला तर, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीसारखीच, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची, भरपाई मिळाली पाहिजे. ती टाळता येते, पण अट तिहेरी आहे. सेवा खंडित होऊ नये, नव्या अटी जुन्यापेक्षा वाईट नसाव्यात, आणि पुढे कपात झाली तर जुनी वर्षं धरून भरपाई द्यायचं नव्या मालकाने मान्य करावं. ग्रॅच्युइटी वेगळी. १८ वर्षं काम केलेल्या, २६ हजार पगाराच्या वेल्डरची ग्रॅच्युइटी २६ हजार भागिले २६ गुणिले १५ गुणिले १८, म्हणजे २ लाख ७० हजार. असे सहा जुने कारागीर असले की सोळा लाख होतात, आणि छोट्या कारखान्यात यासाठी कोणी पैसे बाजूला ठेवलेले नसतात. ही रक्कम किमतीतून वजा होणारच. फक्त ती सुरुवातीला मोकळेपणाने वजा होते की शेवटी भांडून, एवढाच प्रश्न.

आणि खरं सांगायचं तर घेणारा पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा याच कारागिरांसाठी असतो. उडपी हॉटेलला डोसा तव्याखाली ज्योत सारखी लागायला हवी, इराण्याला ओव्हनची उंची अमुक हवी, ही माहिती ड्रॉइंगमध्ये नसते. ती मिस्त्रीच्या बोटांत असते. मिस्त्री राहणार का, हे विचारल्याशिवाय कोणी सही करत नाही. मालकावरचं अवलंबनही असंच तपासलं जातं. भाव मालकच काढतो, पत्रा मालकाच्याच शब्दावर उधार मिळतो, हॉटेलवाले ‘अण्णांना बोलवा’ म्हणतात, असा धंदा अण्णा गेल्यावर किती उरेल? दोन वर्षं आधी भाव काढायचं काम दुसऱ्या कोणाकडे दिलं, ड्रॉइंग संगणकावर आणली, तर त्याचा परिणाम किमतीत थेट दिसतो.

कागदांची फेरी कंटाळवाणी आहे, ती थोडक्यात. एमआयडीसीचा भूखंड साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. तो परस्पर विकता येत नाही, महामंडळाची संमती आणि हस्तांतर शुल्क लागतं. यंत्रं बँकेकडे तारण असतील तर बँकेच्या ना-हरकतीशिवाय एक नटही हलवू नये. टेम्पोसाठी आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर ३५. परदेशी कॉम्बी ओव्हनची डीलरशिप असेल तर करार आधी वाचावा. अशा करारांत सहसा डीलरशिप दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे विक्रीतला सगळ्यात चमकदार भाग विकाऊच नसतो. ब्रँडचं नाव कोणाच्या नावावर नोंदलेलं आहे तेही पाहावं; वेगळ्या झालेल्या भावाच्या नावावर ट्रेडमार्क निघाला की सौदा वर्षभर खोळंबतो.

गुप्तता हा या धंद्यात चैनीचा विषय नाही. ‘अमुक विकून चाललेत’ एवढी कुणकुण लागली की पत्र्याचा व्यापारी उधारी आखडतो, गिऱ्हाईक आगाऊ रक्कम द्यायचं थांबतं आणि शेजारच्या शेडमधून मिस्त्रीला निरोप येतो. अवघड गोष्ट अशी की सर्वांत चांगली किंमत देऊ शकणारा खरेदीदार बहुधा स्पर्धकच असतो, कारण त्याला दुसरी शेड आणि दुसरा कारकून लागणार नाही. तोच येऊन ग्राहकांची यादी पाहून परत जाऊ शकतो. म्हणून नावं शेवटपर्यंत झाकून ठेवतात. आधी ‘ग्राहक क्र. १, उलाढालीचा अमुक टक्के’ एवढंच.

याच धंद्याच्या जागतिक टोकाला स्पर्धकाने घेण्याची दुसरी बाजू दिसते. अमेरिकेतली मॅनिटोवॉक ही मूळची जहाजबांधणीतली कंपनी, पुढे क्रेन आणि हॉटेलांची बर्फाची यंत्रं बनवणारी. तिने २००८ मध्ये ब्रिटनची एनोडिस घेतली तेव्हा दोघींकडेही बर्फाची यंत्रं असल्याने, स्पर्धा उरावी म्हणून तिला एनोडिसचा स्कॉट्समन हा बर्फयंत्रांचा धंदा विकायला लागला. तो पुढे इटलीच्या अली ग्रुपकडे गेला. २०१६ मध्ये मॅनिटोवॉकने स्वयंपाकघराच्या उपकरणांचा विभाग वेगळा काढला, त्याचं नाव पुढे पडलं वेलबिल्ट. २०२१ मध्ये वेलबिल्टचा सौदा मिडलबी या कंपनीशी ठरला होता, पण अली ग्रुपने वर बोली लावली. मिडलबीने बोली वाढवली नाही. करारात लिहिल्याप्रमाणे सौदा मोडल्याचे ११ कोटी डॉलर घेऊन ती बाजूला झाली. आपल्याकडे इसार देणाऱ्याचा बुडतो. तिथे विकणाऱ्याने शब्द फिरवला म्हणून घेणाऱ्याला पैसे मिळाले. २०२२ मध्ये अलीने वेलबिल्ट घेतली तेव्हा स्कॉट्समन आधीच त्यांच्याकडे होती, म्हणून या वेळी मॅनिटोवॉकचा बर्फयंत्रांचा धंदा पेंटेअर कंपनीला १.६ अब्ज डॉलरना द्यावा लागला. तेरा-चौदा वर्षं आधी जो ठेवण्यासाठी दुसरा विकला, तोच शेवटी विकला गेला. भोसरीच्या शेडला स्पर्धा आयोगाची भीती नाही, पण करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचं, हे एका ओळीत लिहून ठेवण्याची सोय तिलाही आहेच.

पैसे कसे मिळणार हा आकड्याइतकाच महत्त्वाचा भाग. पुढच्या तारखांचे चेक घेऊन किल्ल्या देणं ही आपल्याकडची जुनी सवय. चेक परतला तर खटला भरता येतो, पण तोवर शेडमधली यंत्रं दुसऱ्या बँकेकडे तारण गेलेली असू शकतात. हप्ते द्यायचेच असतील तर बँक गॅरंटी मागावी, नाहीतर किंमत थोडी कमी करून रोख घ्यावी. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. बदल्यात घेणारा एक अट घालतोच, की याच धंद्यात पुन्हा उतरायचं नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक असतो, पण गुडविल विकणाऱ्याला अपवाद आहे: वाजवी स्थानिक हद्दीत, घेणारा तो धंदा करतो तोवर, ही बंदी टिकते. हद्द मोघम ठेवू नये. ‘पुणे जिल्हा’ लिहिलं तर ते समजतं. ‘संपूर्ण भारत’ लिहिलं तर न्यायालयात ते वाजवी ठरवणं अवघड. आणि बंदी सही करणाऱ्यालाच लागते. पुतण्याने सही केली नसेल तर पुढच्या गल्लीत त्याची शेड उघडायला काहीच हरकत नाही, आणि मिस्त्री कुठे जाईल हे सांगायला नको.

सह्या झाल्यावरही विकणाऱ्याची सुटका लगेच होत नाही. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत, रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र, आणि वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या जपून ठेवायच्या. बहुतेक करारांत जुन्या मालकाने सहा महिने येऊन ओळखी करून द्यायच्या असंही ठरतं. या सगळ्यात एक गोष्ट हटकून राहते. वीस वर्षं हॉटेलवाल्यांच्या फोनमध्ये ‘भट्टीवाले’ म्हणून साठवलेला नंबर मालकाच्या खाजगी मोबाइलचा असतो. यंत्रांच्या यादीत तो नंबर येत नाही, पण ऑर्डरी त्यावरच येतात. तो कराराच्या परिशिष्टात घालावा, सिम नव्या मालकाच्या नावावर करावं, आणि घरच्यांसाठी दुसरा नंबर आधीच घेऊन ठेवावा.